उंचावरच्या नव्या फूलमाशीचं वर्णन लिहिताना

ढग आला की माश्या गायब. साडेतीन हजार मीटरच्या वर ऊन असेतो प्रत्येक पिवळ्या फुलावर एक-दोन फूलमाश्या बसलेल्या असतात, आणि ढगाचा एक फडका सूर्यावरून सरकला की मिनिटभरात सगळं कुरण ओस पडतं. त्या लांब कुठे जात नाहीत, तिथंच गवताच्या बुडख्यात शिरून बसतात. मग जाळी मांडीवर घेऊन दगडावर बसायचं आणि आभाळाकडे बघायचं. माझ्या वहीत एका दिवसाची अख्खी नोंद अशी आहे: ‘ढग. ढग. ११.४० ला ऊन, सात मिनिटं, तीन नर. ढग.’ त्या तीन नरांतला एक पुढे होलोटाइप झाला, म्हणजे नव्या प्रजातीचं नाव ज्याच्यावर टेकतं तो एकमेव नमुना. मधे चार वर्षं गेली, त्यातलं डोंगरावरचं काम जेमतेम नऊ दिवसांचं. बाकीचा सगळा वेळ एका प्रश्नात गेला: हिला आधीच कुणी नाव देऊन ठेवलेलं नाही ना?

ज्यांच्या पेटीत अशी एखादी न जुळणारी माशी येऊन बसली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शब्दांचं आधीच सांगते. बोलताना आम्ही स्पिशीजला प्रजाती म्हणतो आणि तिच्यावरच्या गटाला सरळ जीनस. पुस्तकी शब्दांवर भांडायला माझी ना नाही, पण काम झाल्यावर.

माशी सिर्फिडी कुळातली आहे एवढं तर नक्की करून घ्या. पंखाच्या मधोमध, कुठल्याच शिरेला न मिळणारी एक खोटी शीर असते, पंख उजेडात तिरका धरला की दिसते. थोड्या प्रजातींत ती पुसट किंवा नाहीशी असते, पण बहुतेकींत हीच ओळख. मधमाशीसारखे पट्टे बघून फसू नका. पंखांची जोडी एकच आणि डंख नाही, म्हणजे ती माशीच.

वर असताना

नर हवेत. मादी टाकून द्यायची असं नाही, पण प्रजाती वेगळी आहे हे बहुतेक वेळा नराच्या अंगावरूनच दाखवता येतं. ओळखणं सोपं आहे: बहुतेक फूलमाश्यांत नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकतात, मादीच्या डोळ्यांमधे पट्टी राहते. नर शोधायला माथ्यावर जा. अनेक प्रजातींचे नर शिखरावरच्या उघड्या जागी, एखाद्या दगडावर किंवा त्याच्या वर हवेत ठाण मांडून माद्यांची वाट बघतात. एकदा हाकलला तरी तो त्याच दगडावर परत येतो. तेव्हा पहिला वार चुकला तर पाठलाग करत धावू नका, दगडापाशी उभं राहा. उंचावर धावून दम लागतो आणि माशी काही मिळत नाही.

सापळा लावणार असाल तर मॅलेझ सापळा, म्हणजे तंबूसारखी उभी जाळी. रेने मॅलेझ या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञानं १९३७ साली तिचं वर्णन छापलं, आणि आजही तत्त्व तेच: अडथळा लागला की माशी वर चढते, वरच्या कोपऱ्यात बाटली. माथ्यावरच्या वाऱ्यात ही जाळी शिडासारखी फुगते. दोऱ्या दुप्पट बांधा, खुंट्यांवर दगड ठेवा.

खिंडीत पकडलेल्या माशीबद्दल मात्र जपून. फूलमाश्या स्थलांतर करतात, आणि त्यांचे लोंढे खिंडींतूनच जातात. १९५० च्या शरद ऋतूत एलिझाबेथ आणि डेव्हिड लॅक या पक्षीअभ्यासक दांपत्याला फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरनीज पर्वतातल्या २,२७३ मीटर उंचीच्या खिंडीतून पक्ष्यांबरोबर फूलमाश्यांचे थवे जाताना दिसले, तिथं आजही ते मोजले जातात. म्हणजे खिंडीत सापडली एवढ्यावर ‘उंच पर्वतीय प्रजाती’ असं लिहिता येत नाही. ती कदाचित खालच्या शेतातून निघालेली वाटसरू असेल. नर एका जागी ठाण मांडून आहे, मादी एखाद्या झाडाच्या देठाशी अंडी घालते आहे, पुढच्या वर्षी त्याच कुरणात पुन्हा भेटली, असं काहीतरी हवं.

लेबलाचं थोडक्यात. जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, पद्धत, फूल. महिना रोमन आकड्यात लिहायची पद्धत आहे, कारण ५-६ म्हणजे पाच जून की सहा मे हे शंभर वर्षांनी कोण सांगणार. उंची हवेच्या दाबावर चालणाऱ्या घड्याळातून घेत असाल तर रोज सकाळी माहीत असलेल्या ठिकाणी जुळवून घ्या. वादळ येण्याआधी दाब उतरतो आणि घड्याळ बसल्याजागी तुम्हाला पन्नास-साठ मीटर वर चढवून ठेवतं. माझी एक अख्खी मालिका अशी चुकली आणि प्रत्येक लेबल हातानं बदलावं लागलं.

परवानगीचं काम निघण्यापूर्वी, आणि कागदावर. एखाद्या देशातले जीव अभ्यासासाठी नेताना त्या देशाची संमती आणि लाभातला वाटा यांबद्दलचा नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. परवान्याचा क्रमांक विचारल्याशिवाय आता चांगली संग्रहालयं नमुना ठेवून घेत नाहीत आणि नियतकालिकं लेख घेत नाहीत.

माशी मेल्यावर काही तासांतच पिन करा, छातीच्या मध्यरेषेच्या जरा उजवीकडून, म्हणजे मधली लव शाबूत राहते. आणि ती मऊ आहे तोवर बारीक वाकड्या सुईनं नराच्या पोटाचं टोक हलकेच बाहेर ओढून ठेवा. ते पोटाखाली दुमडलेलं असतं. या अर्ध्या मिनिटानं पुढचे दोन दिवस वाचतात. डीएनएसाठी मागचा उजवा पाय काढून शुद्ध अल्कोहोलमधे. पुढचा पाय कधीही काढू नका, प्लॅटिकायरस जीनसमधे नराची अर्धी ओळख त्याच पायात असते. अल्कोहोलमधून काढलेली अख्खी माशी नुसती वाळवली तर डोळे खपाटीला जातात, म्हणून ती आधी एचएमडीएस (हेक्झामिथाइलडायसिलाझेन) या द्रवातून काढावी लागते, तेही हवेशीर कपाटात. या रसायनाचा वास घ्यायचा नसतो.

काळा रंग

आता मूळ दुखणं. उंचावर सगळंच काळं आणि केसाळ असतं. थंडीत तापायला काळं अंग बरं, ऊब धरायला लव बरी. शिवाय एकाच प्रजातीतसुद्धा रंग थंडीवर ठरतो. एपिसिर्फस बाल्टिएटस ही अगदी नेहमीची माशी घ्या. तिचा कोष गारठ्यात वाढला की पोटावरचे काळे पट्टे रुंद होतात, उबेत वाढला की नारिंगी भाग वाढतो. आई तीच, अंडी तीच.

माझी पहिली ‘नवी’ प्रजाती यातच गेली. एका मोसमात वरच्या कुरणात पाच नर मिळाले, पोटावरचे पिवळे ठिपके जवळजवळ पुसलेले, पाय काळे. ओळख पटवायच्या किल्लीत, म्हणजे लक्षणांच्या जोड्यांतून निवड करत नावापर्यंत नेणाऱ्या यादीत, कुठेच बसेनात. मी नावसुद्धा ठरवलं होतं, ते वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रकारे लिहून बघितलं होतं. सरांनी पेटी भिंगाखाली धरली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, “अगं, हिच्या खालच्या बहिणी कुठायत?” त्या मी आणल्याच नव्हत्या. खालच्या माश्या ‘नेहमीच्या’ म्हणून सोडून दिल्या होत्या.

पुढच्या वर्षी त्याच उतारावर १,८०० मीटरपासून ३,६०० मीटरपर्यंत दर ३०० मीटरला थांबून पकडत गेले. सगळ्या माश्या एका पेटीत उंचीप्रमाणे ओळीनं लावल्या. खालच्या ओळीत ठिपके टपोरे, मग लहान, मग कोपऱ्यात सरकलेले, मग नुसती मातकट छटा. कुठे पाचर ठोकावी अशी एकही फट नव्हती. जननांगं सगळ्यांची हुबेहूब सारखी. ते नाव वहीच्या शेवटच्या पानावरच राहिलं, कधी कधी काढून बघते.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की उंचावरची वेगळी माशी मिळाली की आधी तिच्या खालच्या शेजारणी गोळा करायच्या. मधल्या उंचीवर मधलं रूप मिळतं का ते बघायचं. मिळालं तर विषय संपला. दोन्ही रूपं एकाच कुरणात, एकाच दिवशी, मधलं काहीही न दाखवता शेजारी-शेजारी बसलेली सापडली, तर मग बसा कामाला.

थंडीला जुमानत नाहीत अशी लक्षणं शोधा. चेहऱ्याला बाजूनं बघितल्यावर मधला उंचवटा कसा दिसतो, बोथट की नाकासारखा पुढे आलेला. स्पर्शिकेच्या पेरांचं एकमेकांशी प्रमाण. पंखाच्या पापुद्र्यावर बारीक लव कुठे आहे आणि कुठे टक्कल पडलंय. हे शेवटचं फार उपयोगी आणि नवखी माणसं हमखास विसरतात, कारण त्यासाठी पंखाखाली पांढरा कागद सरकवून मोठ्या भिंगातून खणाखणानं बघावं लागतं. प्लॅटिकायरसच्या नरांत पुढच्या मांडीवरचे केसांचे झुबके आणि पसरट झालेली नडगी. चायलोसिया जीनस असेल तर देवाचं नाव घ्या. चारशेच्या वर प्रजाती, बहुतेक सगळ्या काळ्या, आणि डोळ्यांवर लव आहे की नाही इथून सुरुवात.

नराचं टोक

हे काम जरा सावकाश सांगते, कारण लेखाचा खरा पुरावा इथं तयार होतो.

वाळलेली माशी आधी मऊ करायची. झाकणाच्या डबीत ओला कापूस, त्यावर माशीला पाणी लागणार नाही अशी फोमची चकती, त्यावर पिन, आणि एक रात्र. बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे दोन खडे. सकाळी पोट लवचीक झालेलं असतं. बारीक कात्रीनं शेवटची पेरं कापून ती १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधे टाकायची. घाई असेल तर गरम करून काही मिनिटांत होतं, मी रात्रभर थंडच ठेवते. गरम द्रावणात पारदर्शक व्हायची वेळ चुकली की कडा विरघळल्यासारख्या होतात आणि मग चित्रात काय काढायचं ते कळत नाही. मग पाणी, एक थेंब सौम्य ॲसेटिक ॲसिडचा, पुन्हा पाणी, आणि शेवटी ग्लिसरीन.

ग्लिसरीनमधे ते टोक मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं होतं. वरची टोपी म्हणजे एपँड्रियम, तिच्या मागच्या टोकाला दोन चिमट्यांसारखे सर्स्टायलस, त्यांच्या मधे केसाळ सर्कस, खाली हायपँड्रियमची नाव आणि आत लिंग. सर्स्टायलसचा आकार बाजूनं बघायचा आणि वरूनही बघायचा. माझ्या माशीचा बाजूनं बघितला तर शेजारणीसारखाच होता. वरून बघितल्यावर आतल्या कडेला एक बोथट दात दिसला, तिच्यात नव्हता. सुई अगदी थोडी हलवली तर तो दात पुन्हा दिसेना. तेव्हा एकाच कोनातून बघून ‘फरक नाही’ म्हणू नका, आणि एका कोनात दिसलेल्या फरकावर ‘फरक आहे’ असंही म्हणू नका. दोन्ही प्रजातींचे किमान पाच-पाच नर त्याच कोनात लावून बघा. कोन सारखा ठेवायला मी काचेच्या वाटीत ग्लिसरीन जेलीचा छोटा गोळा ठेवते आणि टोक त्यात रुतवते.

एकदा चिमट्यातून एपँड्रियम उडालं. अर्धा मिलिमीटरचा तुकडा आणि भरपूर जाळ्या असलेलं टेबल. तासाभरानं माझ्याच स्वेटरच्या बाहीवर सापडलं. तेव्हापासून बाह्या वर करून आणि ट्रेमधे पांढरा रुमाल पसरूनच बसते.

काम झालं की ते टोक ग्लिसरीनच्या इवल्याशा नळीत घालून नळी त्याच माशीच्या पिनेवर, लेबलांच्या खाली टोचायची. वेगळ्या डबीत ठेवलेलं टोक आणि माशी यांची ताटातूट ठरलेली.

जुन्या नावांच्या मागावर

जगात फूलमाश्यांच्या सहा हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत. तुमच्या जीनसमधलं त्या पर्वतरांगेतलं, आणि शेजारच्या रांगांतलंही, प्रत्येक नाव काढून यादी करा, आज चालू नसलेली नावंसुद्धा. पर्यायी म्हणून बाजूला पडलेलं एखादं जुनं नाव तुमच्याच माशीचं निघू शकतं, आणि मग तेच नाव चालतं. प्राण्यांच्या नावांची सुरुवात १ जानेवारी १७५८ ला धरतात. म्हणजे तिथपासूनचं सगळं तुमच्या गळ्यात.

एकोणिसाव्या शतकातली वर्णनं बहुतेकदा लॅटिनमधे दोन-तीन ओळींची. ‘काळी, केसाळ, पाय काळे’ या वर्णनात कुठलीही उंचावरची माशी बसते. वर्णन वाचून निर्णय घेऊ नका, मूळ नमुना बघा. जमलं तर जाऊन, नाहीतर उसना मागवून, अगदीच नाही तर छायाचित्रं मागून. छायाचित्रं मागताना ‘फोटो पाठवा’ म्हणू नका. कुठला भाग, कुठल्या कोनातून, जवळ मोजपट्टी ठेवून, हे लिहून द्या. संग्राहकांना दिवसाला अशी दहा पत्रं येतात. कधी मूळ वर्णन करणाऱ्यानं एकच होलोटाइप न ठरवता चार माश्यांवर मिळून नाव दिलेलं असतं, आणि त्या चार दोन प्रजातींच्या निघतात. मग त्यातली एक निवडून लेक्टोटाइप ठरवायचं कामही तुमच्याकडे येतं. कुरकुर करत करा, पण करा, त्याशिवाय तुमचं नाव हवेत राहील.

डीएनएची गोष्ट मी शेवटी ठेवते आणि त्यावरून तरुण मंडळी माझ्यावर रागावतात. बारकोडचा, म्हणजे प्रजाती ओळखायला सगळे वापरतात तो डीएनएचा ६५८ अक्षरांचा तुकडा अवश्य वाचून घ्या. पण त्याला न्यायाधीश करू नका. मेलानोस्टोमा या जीनसमधे उत्तर युरोपच्या प्रजातींचं २०१४ साली काम झालं तेव्हा हा तुकडा दिशाभूल करतो असं दिसलं, तर आयटीएस-२ हा दुसरा तुकडा आणि माशीचं रूप यांचं एकमेकांशी जुळलं. बारकोड वेगळा आला तर आनंद. सारखा आला तर दुसरा जनुक वाचा, आणि पेटीकडे परत या.

लिहायला बसल्यावर

निदान आणि वर्णन यांत गल्लत करू नका. वर्णनात माशी डोक्यापासून शेपटापर्यंत, क्रियापदांशिवाय, तारेच्या भाषेत. निदानात फक्त तिच्या सगळ्यात जवळच्या शेजारणीशी तुलना, चार-पाच ओळींत. ‘केस लांब, रंग गडद’ हे निदान नव्हे. ‘सर्स्टायलसच्या आतल्या कडेला बोथट दात, अमुक प्रजातीत कड सरळ’ हे निदान. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीलाही हेच हवं आहे: वेगळेपण शब्दांत सांगितलेलं असलं पाहिजे, नुसतं चित्र पुरत नाही. त्याबरोबर जुन्या किल्लीत तुमची प्रजाती कुठे घुसते ते दाखवणारी जोडी लिहून द्या. वाचणारे नव्वद टक्के लोक तेवढंच वाचतात असा माझा अंदाज आहे.

सध्याची नियमावली चौथी, २००० सालापासून लागू. तिच्यानुसार नाव नवं आहे हे उघड लिहावं लागतं, होलोटाइप एकच आणि नेमका सांगावा लागतो, आणि तो कुठल्या शहरातल्या कुठल्या संग्रहात ठेवला ते द्यावं लागतं. ‘ही बहुधा नवी असावी, असली तर हे नाव’ असं १९६० नंतर चालत नाही. खात्री नसेल तर नाव देऊच नका. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर छापण्याआधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद आणि लेखात तो क्रमांक, ही २०१२ ची दुरुस्ती. गंमत म्हणजे वर्णन कुठल्या भाषेत असावं याची सक्ती नाही, नाव तेवढं लॅटिन लिपीत हवं. सर्वदूर वाचली जाणारी भाषा वापरा अशी शिफारस आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

नावाचं लिंग जीनसच्या लिंगाशी जुळवा. प्लॅटिकायरस पुल्लिंगी, चायलोसिया स्त्रीलिंगी, मेलानोस्टोमा दिसायला स्त्रीलिंगी पण ग्रीक मुळामुळे नपुंसकलिंगी. ‘काळी’ या अर्थाचं विशेषण म्हणून पहिल्यात नायजर, दुसऱ्यात नायग्रा, तिसऱ्यात नायग्रम. पण हा शब्द मुळात घेऊच नका. उंचावरच्या माशीला काळी म्हणणं म्हणजे गावातल्या प्रत्येकाला ‘पाहुणा’ म्हणण्यासारखं, आणि बहुधा तो शब्द त्या जीनसमधे आधीच वापरून झालेला असतो. माणसाचं नाव दिलंत तर पुरुषाला शेवटी ‘आय’, बाईला ‘एई’. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, लोक मात्र हसतात.

छायाचित्रं वेगवेगळ्या फोकसवर घेतलेले पन्नास-साठ थर जोडून करा, पण जननांगांची रेखाचित्रं हातानं काढा. छायाचित्रात सावलीही दात असल्यासारखी दिसते. हातानं काढताना मात्र ‘हा दात खरंच आहे का’ हे रेघ ओढण्याआधी ठरवावंच लागतं.

होलोटाइपला लाल लेबल, पॅराटाइपला, म्हणजे वर्णनात होलोटाइपसोबत घेतलेल्या बाकीच्या नमुन्यांना, बहुतेक ठिकाणी पिवळं. पॅराटाइप एकाच इमारतीत ठेवू नका, दोन-तीन संग्रहालयांत वाटा. आणि उसने आणलेले जुने नमुने वेळेत परत पाठवा. पाठवताना प्रत्येक माशीच्या दोन्ही बाजूंना एकेक पिन आडवी टेकवून ठोका, म्हणजे वाटेत ती स्वतःभोवती फिरून शेजारणीचे पाय तोडणार नाही. छोटी पेटी मोठ्या पेटीत, मधे चारी बाजूंनी फोमचे तुकडे. पत्रात किती माश्या आणि किती नळ्या ते लिहा. नळ्या वेगळ्या मोजा, त्याच सुटून खाली पडतात.